चीक

रात्री दोनला लमाय कपाळावर दिवा बांधते,
रबराच्या झाडाला कालच्या जखमेखाली
नखभर नवी जखम देते
आणि तिच्याखालची वाटी सरळ करते.
चीक उतरतो, पांढरा, बिनघाईचा.
सहाशे झाडं. मागे मागे खनुन.

खनुन म्हणजे फणस.
पिल्लू होता तेव्हा पिकल्या फणसात तोंड घालून आला,
मिशा, ओठ, पापणी, सगळं चिकटलेलं;
खोबरेल चोळून तासभर सोडवत बसली होती ती.

त्याला अकरा वर्षं झाली.
आता तोंडाला वास येतो.
शेजारी म्हणाले, मासे खातो. दात किडलेत. म्हातारा झालाय.
तिन्ही खरंच होतं.
पण पाण्याच्या भांड्यात एकदा गुलाबी धागा तरंगताना दिसला,
आणि लमायला चिकाची पारख आहे:
साल सुकायच्या आधी झाडाचा चीक पातळ होतो,
झाड वरून हिरवंगार असतं तेव्हाच.

हातयायच्या दवाखान्यातली गार खोली.
मुक नावाची शिकाऊ डॉक्टर
(मुक म्हणजे मोती)
फरशीवर गुडघे टेकून बसलेली.
हातात सुई नाही, चाकू नाही,
काडीवर गुंडाळलेला कापूस.
"त्याची लाळ हवी."

लमायला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
लाळ?
जी तिच्या बुटांवर, उशीवर,
भावाच्या लग्नातल्या रेशमी लुंगीवर,
जी ती अकरा वर्षं पुसत आली,
जिच्यावरून माणूस माणसाला लाळघोट्या म्हणतो,
ती?

मुक सांगते, तोंडात गाठ धरते तेव्हा,
डोळ्यांना दिसायच्या आधी,
लाळेत काहीतरी उतरत असावं.
असावं, ती पुन्हा म्हणते.
तेच शोधतोय. सापडलं असं अजून म्हणवत नाही.

खनुन नियमाप्रमाणे उपाशी होता.
कापूस कोरडा परत आला. दोनदा.
मग मुकने खिशातून सुकं माकूल काढलं,
नाकासमोर धरलं, दिलं नाही.
खनुनने मान वाकडी करून
लमायकडे पाहिलं, हा काय प्रकार,
आणि ओठाच्या कोपऱ्यातून तार सुटली
लांब, चमकती, तुटायचं नाव नाही.
लमायचा हात आपसूक पुढे गेला,
वाटीसारखा.

गाठ निघाली. मागच्या दाढेपाशी, काळी,
कापसाशिवायही दिसावी एवढी.
उशीर हा शब्द मुकने वापरला नाही.
माकूल मात्र सगळं दिलं.

रबराची पानं गळतात त्या महिन्यात तो गेला.
तेव्हा चीक काढणं बंद असतं.
"सुट्टी बघून गेला," लमाय म्हणाली,
आणि हसायला गेली, ते जमलं नाही.
त्याची लाळ उणे ऐंशीला गोठलेली आहे,
बोटाच्या पेराएवढ्या नळीत, नंबर सत्तेचाळीस.
नाव लिहायची पद्धत नाही.

मुकचा फोन आला. आजाऱ्यांची जमतेय,
निरोग्यांची कमी पडते.
धडधाकट कुत्र्याला कोण आणतं दवाखान्यात?

म्हणून ही माकाम.
माकाम म्हणजे चिंच, आणि स्वभावही तोच.
शेजाऱ्यांची. खनुनचा डावा कान हिनेच फाडला होता.
मोटरसायकलला माशांची टोपली बांधून,
टोपलीत हिला कोंबून,
रत्ताफूमपासून तीस किलोमीटर, सगळा रस्ता भुंकत.

माकामने पहिला कापूस चावून टाकला.
माकुलाचा वास घेतला, तोंड फिरवलं.
मुक घड्याळ बघते.
लमाय फरशीवर मांडी ठोकून बसली आहे.
"बसू या," ती म्हणते,
"काही रात्री झाडंसुद्धा देत नाहीत."

कोपऱ्यात रिकामी टोपली.
तिला अजून बांगड्याचा वास आहे.
माकाम तिकडे बघते, पुन्हा बघते.
ओठ अजून कोरडेच.